दापोडी व हिवरे येथील वनस्पती उद्याने आणि ग्रंथालयीन साधने : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वनस्पती उद्यानाचे आयुष्य शासकीय धोरण व निधी यांवर अवलंबून असते. उद्यान लयास गेले तरी त्याची चित्रे, याद्या व ग्रंथ ग्रंथालयात टिकल्यास त्या प्रदेशाच्या वनस्पतींचा इतिहास उभा करता येतो. पुणे जिल्ह्यातील दोन उद्यानांच्या आधारे प्रस्तुत लेखात याची चर्चा केली आहे.

उद्यानांची पार्श्वभूमी :
मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८ मध्ये दापोडी येथे उद्यान सुरू झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. नारायणगावाजवळील हिवरे येथील उद्यानही त्यांच्याच देखरेखीखाली होते. सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या औषधी वनस्पतींची लागवड हे या उद्यानांचे एक प्रमुख कार्य होते. १८६५ मध्ये दापोडीचे उद्यान बंद झाले.

ग्रंथालयीन साधने :
गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात करवून घेतलेली सुमारे १७० वनस्पतिचित्रे आज एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या ग्रंथालयात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ही चित्रे काढणाऱ्या भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराचे नाव मात्र अज्ञातच आहे. अधीक्षकाची नोंद झाली, चित्रकाराची झाली नाही, ही या साधनांची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. डाल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ (१८६१) आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यावरील वनस्पतिकोश (१९०१-०८) ही त्यापुढील महत्त्वाची साधने होत.

शिरूर व दौंडच्या संदर्भात :
हिवरे ज्या कुकडी खोऱ्यात आहे, ती कुकडी पुढे शिरूर परिसरात घोडनदीस व घोडनदी भीमेस मिळते. पर्जन्यछायेतील शिरूर व दौंड तालुक्यांत बाभूळ, हिवर, बोर आणि गवताळ माळ यांचे प्राबल्य होते. कालव्यांच्या पाण्यामुळे तेथे उसाचे क्षेत्र वाढले व माळ आक्रसले. हा बदल मोजण्यासाठी जुन्या नोंदी हाच आधार होय.

निष्कर्ष :
भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील पश्चिम मंडळाचा (स्थापना १९५५) शुष्क वनस्पतिसंग्रह संशोधकांना जवळच उपलब्ध आहे. त्याच्या जोडीला शिरूर व दौंड येथील महाविद्यालयांनी स्थानिक वनस्पतींचे नमुने, त्यांची मराठी नावे, उपयोग आणि माहिती देणाऱ्यांची नावे आपल्या ग्रंथालयांत नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा दापोडीच्या चित्रकाराप्रमाणे हे जाणकारही इतिहासात अनामिक राहतील.