प्रश्न विचारणाऱ्याचे नाव

आरोपीचे नाव पहिल्याच दिवशी सर्वतोमुखी होते. त्याची परीक्षा घेणाऱ्याचे नाव बहुधा दप्तरातच राहते. लाय-डिटेक्टर किंवा पॉलिग्राफ या यंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे या विषमतेचे मोल कोणाला द्यावे लागते हे कळून येते.

१९२१ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पोलीस खात्यात जॉन लार्सन यांनी हे यंत्र सिद्ध केले. नाडी, श्वास व रक्तदाब यांच्या रेषा ते कागदावर उमटविते. परंतु रेषा स्वतः बोलत नाहीत. त्यांचा अर्थ माणूस लावतो. भीतीने उडणारे काळीज आणि खोटेपणाने उडणारे काळीज यांतील भेद यंत्राला उमगत नाही. १९२३ साली फ्राय खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने अशा प्रकारच्या चाचणीचा पुरावा नाकारला. पुढे १९८८ साली अमेरिकेने कायदा करून बहुतेक खाजगी मालकांना नोकरांची अशी परीक्षा घेण्यास बंदी केली. सरकारला मात्र त्यातून वगळले.

सरकारी परीक्षेचा अनुभव काय? सी. आय. ए.मधील सोव्हिएत हेर आल्ड्रिच एम्स १९८६ व १९९१ अशा दोन्ही वेळी या परीक्षेतून सुटला आणि १९९४ साली पकडला गेला. याच्या उलट वेन हो ली यांचे झाले. लॉस अलामॉस येथील या शास्त्रज्ञाची परीक्षा डिसेंबर १९९८ मध्ये झाली. ते उत्तीर्ण झाले, असा पहिला निर्णय होता. पुढे त्याच आलेखाचा दुसऱ्यांनी प्रतिकूल अर्थ लावला. त्यांची नोकरी गेली आणि सुमारे नऊ महिने त्यांना एकांतकोठडीत काढावे लागले. ऑगस्ट २००० मध्ये एका तपास अधिकाऱ्याला भर न्यायालयात उलटतपासणीस तोंड द्यावे लागले आणि आपली पूर्वीची साक्ष चुकीची होती, हे त्याला मान्य करावे लागले. ५९ आरोपांपैकी एकच उरला, आणि सप्टेंबरमध्ये न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी ली यांची क्षमा मागितली.

मग अशा परीक्षकांची नावे चव्हाट्यावर मांडावीत काय? येथे दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. सी. आय. ए.चे अथेन्समधील प्रमुख रिचर्ड वेल्च यांचे नाव नियतकालिकांत छापले गेले होते. डिसेंबर १९७५ मध्ये घराच्या दाराशी त्यांची हत्या झाली. गुप्त हस्तकांची ओळख फोडणे हा गुन्हा ठरविणारा कायदा अमेरिकेने १९८२ साली केला. जमावाच्या हाती दिलेल्या नावाने न्याय होत नाही. सूड मात्र सहज होतो.

तथापि जमाव आणि न्यायासन एक नव्हे. ली यांना मोकळे केले ते कोणाच्या घराच्या पत्त्याने नव्हे, तर शपथेवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या उत्तरांनी. परीक्षकाचे घर व मुलेबाळे ही त्याची खाजगी बाब होय. अहवालाखालची त्याची सही मात्र तशी नव्हे. ज्याच्या भवितव्याचा निवाडा त्या सहीने होतो, त्याला ती कोणाची आहे हे कळले पाहिजे, आणि त्याच्या वकिलाला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

भारतातही हा प्रश्न न्यायालयापुढे आला. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संमतीवाचून कोणाचीही अशी चाचणी घेता येणार नाही. संमती दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावी, वकिलाची मदत मिळावी आणि माहिती कोणत्या रीतीने मिळविली याचा पूर्ण वृत्तांत ठेवावा, या २००० सालच्या मानवी हक्क आयोगाच्या सूचनाही न्यायालयाने बंधनकारक मानल्या.

या सूचनांचे मर्म साधे आहे. ज्याला दुसऱ्याच्या अंतःकरणाचा ठाव घेण्याचा अधिकार मिळाला, त्याने आपल्या कृतीचा हिशेब देण्यास सिद्ध असावे. सत्तेला चेहरा नसला की चूक कोणाचीच राहत नाही, आणि शिक्षा मात्र एकट्याच्याच वाट्याला येते.