रुळांवांचून चालणारी आगगाडी

पोट भरण्याचें साधन माणसाप्रमाणें गांवालाही लागतें. एक साधन तुटलें म्हणजे गांव दुसरें शोधतें. दुसरें न सांपडल्यास ओसाड पडतें, आणि पुढें त्याचें नांव केवळ नकाशांत उरतें. परंतु सगळीं साधनें एकामागून एक तुटल्यावर त्या तुटण्याचीच कथा सांगून पोट भरावयास शिकलेलें एक शहर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. त्याचें नांव की वेस्ट.

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोंकापासून समुद्रांत पसरत गेलेल्या बेटांच्या माळेच्या जवळजवळ शेवटीं हें बेट आहे. लांबी सुमारें ४ मैल, रुंदी एक-दीड मैल, वस्ती सुमारें २६ हजार. क्यूबाचा किनारा येथून सुमारें ९० मैलांवर. येथें आलेला प्रवासी शहर पाहावयास निघतो तो बहुधा दोन वाहनांपैकीं एकांतून. एक ट्रॉली, तिचें रूप जुन्या ट्रामचें, पण चालते ती मोटारीप्रमाणें साध्या रस्त्यावर. दुसरी १९५८ सालीं सुरू झालेली 'कॉंक टूर ट्रेन'. पुढें इंजिनाचा मुखवटा चढविलेली मोटार आणि मागें बाजूंनीं उघडे डबे. कॉंक म्हणजे मोठा शंख. बहामा बेटांतून येऊन येथें वसलेल्या लोकांना हेंच नांव पडलें, व आज शहरवासी तें अभिमानानें मिरवितात. रूळ दोन्ही वाहनांना नाहींत. हांकणारा गाडी हांकतां हांकतां शहराची कथा सांगत जातो. या खेळण्यासारख्या गाडीला हंसण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. या शहराला एके काळीं खरी आगगाडी होती.

स्पॅनिश लोकांनीं या बेटाला 'हाडांचें बेट' अशा अर्थाचें नांव दिलें होतें; किनाऱ्यावर मानवी हाडें पडलेलीं दिसल्यामुळें तें पडलें, अशी परंपरा आहे. त्या स्पॅनिश नांवाचेंच इंग्रजी जिभेवर 'की वेस्ट' झालें. फ्लॉरिडा स्पेनकडून अमेरिकेकडे आल्यावर जॉन सायमंटन या व्यापाऱ्यानें १८२२ सालीं २ हजार डॉलरांना हें बेट विकत घेतलें. त्याच वर्षीं मॅथ्यू पेरी या आरमारी अधिकाऱ्यानें तेथें अमेरिकेचें निशाण उभारलें. पुढें तीस वर्षांनीं जपानचे बंद दरवाजे उघडावयास लावणारा पेरी तो हाच.

बेटासमोर समुद्रांत पोंवळ्यांच्या खडकांची लांबच लांब रांग आहे. मेक्सिकोच्या आखातांतून बाहेर पडणारीं गलबतें तिच्यावर आदळत, आणि त्यांतील माणसें व माल सोडवून आणणें हा शहराचा पहिला मोठा धंदा झाला. फुटल्या गलबतापाशीं जो कप्तान प्रथम पोंचेल तो त्या कामाचा मुख्य; सोडविणाऱ्यांचा वाटा न्यायाधीश ठरवी, व त्यासाठीं १८२८ सालीं येथें न्यायालयच स्थापन झालें. दुसऱ्याच्या दुर्दैवावर शहर गबर झालें, असें म्हणणें सोपें आहे. पण भर वादळांत खडकांपाशीं होड्या नेणारे हे लोक बुडत्यांचे प्राणही वांचवीत, आणि कायद्यानें मोबदला मिळे तो मालाचा. नुसत्या प्राणांचा नव्हे. पुढें १८५२ पासून त्या खडकांवर लोखंडी दीपगृहें उभीं राहूं लागलीं, वाफेचीं जहाजें आलीं, आणि धंदा आटत गेला. जगाचें जें कल्याण तेंच या शहराचें नुकसान ठरलें.

त्याची जागा चिरुटांनीं घेतली. १८६८ सालीं क्यूबांत स्पेनविरुद्ध बंड उठलें व हजारों लोक आश्रयार्थ येथें आले. कारखान्यांत कामकरी चिरूट वळीत बसत, आणि उंच आसनावर बसलेला एक वाचक त्यांना वर्तमानपत्रें व कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचें वेतन कामकरी स्वतःच्या मजुरींतून देत. आपल्याकडे पुराणिकानें जें केलें तें तेथें या वाचकानें केलें, मात्र पोथी निराळी होती. होसे मार्ती हा क्यूबाचा पुढारी १८९१ च्या अखेरीस येथें आला तेव्हां स्वातंत्र्याच्या पक्षाला पैसा व माणसें देणारे हेच श्रोते होते. पण त्यापूर्वींच, १८८६ च्या भयंकर आगींत शहराचा मोठा भाग जळाला होता, आणि बडे कारखानदार टॅंपा शहराकडे वळूं लागले होते. दुसरें साधनही हळूहळू हातचें गेलें.

मग आगगाडी आली. हेन्री फ्लॅग्लर या धनाढ्यानें १९०५ सालीं समुद्रावरून लोहमार्ग नेण्याचें काम हातीं घेतलें. बेटामागून बेट, पुलामागून पूल. त्यांतील एक पूल तर जवळजवळ ७ मैलांचा. १९०६ च्या वादळांत शंभराहून अधिक मजूर मेले, तरी काम थांबलें नाहीं. २२ जानेवारी १९१२ रोजीं ८२ वर्षांचा फ्लॅग्लर स्वतःच्या डब्यांत बसून की वेस्टला उतरला. पुढल्याच वर्षीं तो वारला.

आगगाडीनें अपेक्षेइतका व्यापार आणला नाहीं. जागतिक मंदींत १९३४ सालीं शहराचें दिवाळें वाजलें, निम्म्याहून अधिक लोक सरकारी मदतीवर जगूं लागले, आणि नगरसभेनें आपला कारभार प्रांताच्या हवालीं केला. मदतकार्याचे अधिकारी ज्यूलियस स्टोन यांनीं एक विलक्षण उपाय काढला: शहर झाडून, रंगवून प्रवाशांना दाखवावयाचें. नागरिकांनीं विनामोबदला राबून उकिरडे उपसले, घरें सजविलीं. चित्रकारांना पगार देऊन शहराचीं चित्रें काढविलीं. प्रेक्षणीय स्थळांची यादी छापली; तींत अर्नेस्ट हेमिंग्वे या कादंबरीकाराचें राहतें घरही घातलें. त्यानें त्यावर एक खोंचक लेख लिहिला आणि घराभोंवतीं विटांची भिंत घातली. आज तेथें लोक तिकिट काढून रांगा लावतात, व सहा बोटांचीं मांजरें पाहून परततात.

हा उपाय रुजतो न रुजतो तोंच २ सप्टेंबर १९३५ चें वादळ आलें. की वेस्ट वांचलें, पण मधल्या बेटांवरील लोहमार्ग वाहून गेला. चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत मंदीमुळें तेथें रस्ता बांधावयास आलेले, पहिल्या महायुद्धांत लढलेले सैनिक अडीचशेंच्या सुमारास होते. पांबनच्या पुलावरून रामेश्वरास गेलेल्यांना, आणि १९६४ सालीं धनुष्कोडीची काय दशा झाली हें ठाऊक असलेल्यांना, या हानीची कल्पना सहज येईल. आगगाडी पुन्हा सुरू झाली नाहीं. तिच्याच पुलांवरून १९३८ सालीं मोटाररस्ता खुला झाला, आणि त्यानंतर वीस वर्षांनीं रुळांवांचूनची आगगाडी गल्लींतून फिरूं लागली. खरी गाडी ज्या शहराला पोसूं शकली नाहीं त्याला खोटी पोसूं लागली.

दुःखाची थट्टा करण्याची ही विद्या पुढें शहराच्या अंगीं मुरली. एप्रिल १९८२ मध्यें केंद्र सरकारच्या पहारेकऱ्यांनीं मुख्य भूमीच्या तोंडाशीं नाकें घालून प्रत्येक मोटार तपासण्यास आरंभ केला. प्रवासी येईनासे झाले. तेव्हां नगराध्यक्ष डेनिस वॉर्डलो यांनीं 'कॉंक प्रजासत्ताक' पुकारलें, शिळ्या पावाच्या प्रहारानें युद्धाची घोषणा केली, मिनिटाभरांत शरणागति पत्करली, आणि जिंकलेलें राष्ट्र म्हणून शंभर कोटी डॉलरांची मदत मागितली. मदत आली नाहीं. नाकें मात्र उठलें.

येथवरची कथा हंसतमुखानें सांगतां येते. परंतु दक्षिण किनाऱ्यावर हिग्ज बीच नांवाची चौपाटी आहे. तेथें हंसू ओसरतें. १८६० सालीं अमेरिकन आरमारानें क्यूबाकडे चाललेलीं तीन गुलामवाहू जहाजें पकडून १,४३२ आफ्रिकी माणसें या बेटावर उतरविलीं. नगरवासीयांनीं त्यांना अन्नवस्त्र पुरविलें. पण समुद्रप्रवासांत जर्जर झालेल्या त्या जीवांपैकीं २९५ येथेंच मरण पावले व वाळूंत पुरले गेले. उरलेल्यांना लायबेरियाकडे रवाना करण्यांत आलें. पुढें त्या थडग्यांची नेमकी जागाही विस्मृतींत गेली. २००२ सालीं जमिनीखालीं वेध घेणाऱ्या यंत्रानें ती पुन्हा सांपडली, आणि आज तेथें स्मारक आहे.

आपल्या गतकालावर जगणाऱ्या शहराची कसोटी येथें आहे. गिऱ्हाइकाला हंसविणारी गोष्ट सांगावयाची कीं घडलेली सगळी गोष्ट सांगावयाची, हा प्रश्न कीर्तनकाराला, शिक्षकाला आणि इतिहासकारालाही पडतो. ट्रॉली हांकणाराला तो दिवसांतून अनेकदां पडत असेल. शिळ्या पावाची लढाई खरी, बुडतीं गलबतें खरीं, मांजरेंही खरीं. आणि वाळूखालचे २९५ जीवही तितकेच खरे. हाडांचें बेट हें जुनें नांव त्या लोकांच्या येण्यापूर्वींचें आहे. त्यांना त्या नांवांत जागा नव्हती. कथेंत ती मिळालीच पाहिजे. ती देण्यासाठीं गाडी चार क्षण थांबली, तर उशीर झाल्याची तक्रार कोणी समंजस प्रवासी करणार नाहीं.