वालाच्या बिरड्यामागचे पचनशास्त्र

भातकापणीनंतर कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शेतांत उरलेल्या ओलाव्यावर वालाचे पीक घेतले जाते. पावसाच्या तोंडावर याच भागातील ठाकूर व कातकरी महिला रानातील शेवळे बाजारात विक्रीस आणतात. वाल असोत वा शेवळे, पूर्वतयारीशिवाय ते शिजवण्याची येथे पद्धत नाही. त्यामागे चवीइतकेच पचनाचेही कारण आहे.

कीड आणि प्राण्यांपासून बचावासाठी, तसेच बियांतील साठा म्हणून वनस्पती काही रसायने तयार करतात. माणसाच्या आहारात ती पोषणाच्या आड येतात, म्हणून त्यांना 'पोषणरोधक घटक' म्हणतात. वालातील ट्रिप्सिन-रोधके प्रथिनांचे पचन अडवतात. लेक्टिने आतड्याच्या अस्तराला चिकटतात. फायटिक आम्ल लोह, जस्त व कॅल्शियम यांना बांधून ठेवते, तर सालीतील टॅनिने लोहाचे शोषण घटवतात. रॅफिनोजसारख्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत; मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवतात आणि पोटात वायू धरतो.

बिरड्याची प्रत्येक पायरी यांपैकी कशावर तरी उपाय ठरते. रात्रभर भिजवून पाणी फेकल्याने विद्राव्य शर्करा व काही फायटिक आम्ल निघून जाते. मोड येताना जागे होणारे फायटेज हे विकर उरलेल्या फायटिक आम्लाचे विघटन करते. सोलताना सालीबरोबर टॅनिने जातात. शेवटी उकळत्या उष्णतेने ट्रिप्सिन-रोधके व लेक्टिने निष्प्रभ होतात.

कच्चेपणा किती महागात पडतो, हे 2006 साली जपानमध्ये दिसले. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पाहून अनेकांनी जेमतेम भाजलेल्या पांढऱ्या घेवड्याची पूड खाल्ली आणि त्यांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. दोष लेक्टिनांचा होता.

शेवळ्यांची गोष्ट वेगळी आहे. सुरणाच्या कुळातील या फुलोऱ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडाला व घशाला टोचतात आणि खाज सुटते. म्हणून भाजीत काकड या झाडाची आंबट फळे घालतात. ती नसल्यास चिंच वा आमसूल वापरतात.

हे घटक म्हणजे विष नव्हे. विविध पदार्थांच्या चौरस आहारात त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. मात्र ज्या घरात भात आणि कडधान्य हेच मुख्य अन्न, तेथील गर्भवती व लहान मुलांच्या दृष्टीने लोहाचा प्रत्येक कण मोलाचा असतो. शहरी स्वयंपाकघरात वेळ वाचवण्यासाठी न भिजवलेले कडधान्य थेट प्रेशर कुकरमध्ये जाते. कुकर लेक्टिनांचा बंदोबस्त करतो. फायटिक आम्ल मात्र बव्हंशी तसेच राहते. भिजवणे व मोड आणणे यांना तो पर्याय नाही. जेवणात लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. त्यामुळे लोह अधिक शोषले जाते.