यादीबाहेरचीं माणसें

ज्या रोगाचें नांव घेण्यासहि माणूस कचरतो, त्याची मोजदाद करावी तरी कशी? पटकीची साथ आली तर घरोघर विचारतां येतें. गुप्तरोगांच्या बाबतींत मात्र विचारणारालाच लोक टाळतात, आणि ज्यांना धोका अधिक तींच माणसें अधिक लपलेलीं असतात.

ब्रिटिश सरकारनें या प्रश्नाला कायद्याचें उत्तर दिलें. 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यान्वयें वेश्यांनीं नांव नोंदवावें, ठराविक मुदतीनें तपासणी करून घ्यावी, आणि रोग आढळल्यास बंदिस्त इस्पितळांत राहावें, असें ठरलें. काळजी मुख्यतः गोऱ्या शिपायांच्या प्रकृतीची होती. तरी पुरुषांच्या तपासणीचें कलम कायद्यांत नव्हतेंच! व्हावयाचें तेंच झालें. कलकत्त्याच्या कित्येक स्त्रिया फ्रेंचांच्या चंद्रनगरास निघून गेल्या. मुंबईंत हा कायदा 1870 सालीं लागू झाला, 1872 त थांबला, 1880 त पुन्हा आला आणि 1888 त संपला. नोंदणी टाळण्याकडेच तेथील स्त्रियांचा कल राहिला.

पुढें शतकभरानें रोग नवा आला, अडचण जुनीच राहिली. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. सुनीति सॉलोमन यांनीं आपल्या विद्यार्थिनी सेल्लप्पन् निर्मला यांच्यावर एड्सचा शोध सोंपविला. (सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंतील मराठी कुटुंबांतल्या.) नमुने 200 हवे होते, पण मद्रासेंत कामाठीपुऱ्यासारखी ठरलेली वस्ती नव्हती. निर्मलांनीं इस्पितळांत गुप्तरोगावर उपचार घेणाऱ्या एकदोन स्त्रियांशीं ओळख वाढविली. त्यांच्यासारख्या अनेकींच्या कागदांवर पत्ता एकच आढळला : पकडलेल्या व निराधार स्त्रियांना ठेवण्याचें सरकारी गृह. तेथें जाऊन त्यांनीं ऐंशींहून अधिक नमुने घेतले, घरच्या शीतपेटींत ठेवले, आणि रात्रीच्या गाडीनें वेल्लोरास नेले. त्यांतील सहा नमुने दूषित निघाले. 1986 च्या मे महिन्यांत ही बातमी विधानसभेंत जाहीर झाली. भारतांत एड्सचे विषाणू आहेत, याचा तो पहिला पुरावा.

शोध निःसंशय मोठा. पण तपासणी कशाची, हें त्या स्त्रियांना सांगितलेलें नव्हतें. आणि त्या सांपडल्या त्याहि कुलुपाआड होत्या म्हणून. कुलुपाबाहेर किती जणी होत्या, हें त्या सहा नमुन्यांवरून कळणें शक्यच नव्हतें.

दार आंतून उघडण्याचा प्रयत्न 1992 सालीं कलकत्त्याच्या सोनागाचींत झाला. डॉ. स्मरजित जाना यांनीं वस्तींतल्याच स्त्रियांना शिकवून आपल्या शेजारणींकडे पाठविलें. 1997 सालीं अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनीं अशा ओळखींनाच गणिताचा आधार दिला. कनेक्टिकट संस्थानांत सुईनें मादक द्रव्यें घेणारांमध्यें त्यांनीं ही रीत वापरली. आरंभीं थोडीं माणसें निवडावयाचीं, आणि प्रत्येकास मोजकींच कूपनें द्यावयाचीं. त्यानें तीं आपल्यासारख्या ओळखीच्यांना द्यावीं. मुलाखतीबद्दल मोबदला मिळे, आणि आपलें कूपन घेऊन कोणी आला तर आणखी कांहीं. मित्राचें नांव संशोधकाला सांगावें लागत नसे. यावें कीं न यावें, तें तो मित्रच ठरवी. ज्याच्या ओळखी फार, त्याच्यापर्यंत कूपन पोंचण्याचा संभवहि फार. म्हणून हिशेबांत अशाचें वजन कमी धरावयाचें.

या रीतींतहि भोंकें आहेत. मोबदल्याच्या लोभानें भलताच माणूस येऊन बसतो, कूपनें विकलीं जातात, आणि ज्याची कोणाशींच ओळख नाहीं त्याच्या हातीं कूपन पडतच नाहीं.