तारीख नसलेला कागद

भिलाईच्या पोलाद कारखान्यात लाटलेल्या रेल्वे रुळाच्या कडेला उठावाच्या अक्षरांत निर्मितीचा महिना आणि वर्ष उमटलेले असते. रूळ अर्धशतक ऊन-पाऊस खात पडला तरी आपले जन्मसाल सांगू शकतो. मनुष्याने हाताने लिहिलेला कागद मात्र पुष्कळदा तेवढेही सांगत नाही. याचा प्रत्यय काही महिन्यांपूर्वी आला. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील वयोवृद्ध गृहस्थ एका मोडी पत्राची छायाप्रत घेऊन माझ्याकडे आले. प्रश्न एकच होता : हे कोणत्या वर्षीचे?

पत्रात राजे बिंबाजी भोसले यांचा उल्लेख होता, पेरलेले धान पावसावाचून वाळत असल्याची तक्रार होती आणि शेवटी ‘छ ७ रजब’ एवढेच होते. वर्ष नव्हते. वारही नव्हता.

मराठी दफ्तरांशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘छ’ ही चंद्राची, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तारखेची खूण. वर्ष दिलेच तर ते बहुधा सुहूर सनाचे असे आणि अरबी अंकशब्दांत, एककापासून उलट्या क्रमाने लिहिले जाई. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळविले की इसवी सन निघतो. म्हणून पानिपतचा संग्राम (१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध ८, शके १६८२) याच सनात पडतो. फसली सनाची गोष्ट आणखी निराळी. उत्तरेकडील फसली आणि दक्षिणेकडील फसली यांत दोन वर्षांचे अंतर आहे. हे ध्यानात न घेणारा संशोधक दोन वर्षे चुकणारच.

पेशव्यांच्या कारभारात रोजकीर्द दिवसवार लिहिली जाई. तारीख ठाऊक असेल तर नोंद हाती लागे. गणेश चिमणाजी वाड यांनी याच रोजकीर्दींतून वेचे काढले. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. सुटी पत्रे मात्र मिती-वर्षावाचून अनाथ असतात. त्यांच्यासाठीच मोडकांच्या किंवा ग. स. खरे यांच्या जंत्र्या सिद्ध झाल्या.

हा केवळ विद्वानांचा छंद नव्हे. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा एखादे इनाम इंग्रजी अंमल येण्यापूर्वी किती वर्षे आणि किती पिढ्या अखंड चालत आले, यावर ते पुढे चालवावे की खालसा करावे हे ठरू लागले. पुण्याच्या दफ्तरातील नोंदी हा त्यातील मोठा पुरावा. तारीख सापडली तर जमीन राहिली; न सापडली तर पिढ्यान्‌पिढ्यांचा उपभोग संशयास्पद ठरला. १८५७ पूर्वीच्या असंतोषाच्या कारणांत इतिहासकार या चौकशीची गणना करतात, ती उगाच नव्हे.

आता आमच्या पत्राकडे वळू. बिंबाजी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरास होते. म्हणजे सुमारे तीस वर्षांचा पट. हिजरी वर्ष ३५४-५५ दिवसांचे असल्याने रजब महिना दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि त्याच ऋतूत परत यायला त्याला ३२-३३ वर्षे लागतात. बिंबाजींच्या आरंभीच्या वर्षी रजब मार्चमध्ये होता. त्यांच्या कारकीर्दीत ‘छ ७ रजब’ हा दिवस जूनअखेर ते ऑगस्टमध्य या, उभे धान पावसाची वाट पाहते त्या काळात एकाच टप्प्यावर येतो : १७७७ ते १७८१. तीस वर्षांची पाच झाली. वार दिला असता तर त्यांतूनही एखाद-दुसरेच उरले असते.

गृहस्थांना एकच साल हवे होते. कुलवृत्तांतात ते घालावयाचे होते. “साहेब, मधले १७७९ लिहून टाकू का?” असे त्यांनी संकोचाने विचारले. मी नको म्हटले. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की उमगली आहे : अंदाजाने घातलेली तारीख दुसऱ्या कागदावर उतरली की पुरावा होते आणि तिसऱ्यावर उतरली की सत्य. इनामदारांच्या चौकशीत अशा एका अंकावर घरे उभी राहिली अथवा बसली. त्यांनी अखेर ‘१७७७ ते १७८१ च्या दरम्यान’ असे लिहिले. मला ते अधिक भारदस्त वाटले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या पुष्कळ घरांत असे कागद ट्रंकेच्या तळाशी असतील. छायाचित्र घेताना समास कापू नये. तारीख बहुधा तेथेच दडलेली असते. आणि आपण स्वतः काही लिहून ठेवत असू, तर वर्षासह पूर्ण तारीख घालावी. नातवंडांचा तेवढा तरी त्रास वाचेल.