परवाना आणि परमुलूख

बंगळूरच्या इतिहासात एक चमत्कारिक कालखंड आहे. १८८१ साली इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याच्या हवाली केले. बंगळूरची छावणी मात्र आपल्याच अंमलाखाली ठेवली. तेव्हापासून २६ जुलै १९४७ पर्यंत या एका शहरात दोन राज्यकारभार नांदत होते. पेठेत महाराजांचे पोलीस व न्यायालये. छावणीत ब्रिटिश रेसिडेंटाची सत्ता. पेठेतून निघालेला मोटारवाला छावणीच्या रस्त्याला लागला, की नकळत परमुलखात पोहोचत असे. वाहन तेच, हात तेच. बदलत असे ती केवळ हुकमत.

परदेशी बिऱ्हाड हलविणाऱ्या माणसाला आज पडणारा प्रश्न याच जातीचा आहे. मला मोटार चालविता येते, असे माझ्या सरकारने लिहून दिले असता दुसऱ्या सरकारला ते का पुरू नये? याचे उत्तर परवान्याच्या इतिहासातच सापडते.

आरंभी परवाना हा कौशल्याचा दाखला नव्हताच. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने तो सक्तीचा झाला, तेव्हा पाच शिलिंग भरले की तो मिळे. चालक कोण हे ओळखता यावे, एवढाच त्याचा उपयोग. परीक्षा सक्तीची व्हावयास १९३५ साल उजाडावे लागले. आपल्याकडे १९१४ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानापुरती नोंदणीची व परवान्यांची एक चौकट घालून दिली. दरम्यान मोटारी सरहद्दी ओलांडू लागल्या होत्या. म्हणून १९०९ साली पॅरिस येथे राष्ट्रांनी पहिला करार केला. १९२६ साली दुसरा झाला, आणि १९४९ साली जिनिव्हाचा. आज आपले प्रादेशिक परिवहन कार्यालय जो आंतरराष्ट्रीय परवाना देते, त्याचे मूळ या परंपरेत आहे. वस्तुतः तो स्वतंत्र परवाना नव्हे. मूळ परवान्याचे अनेक भाषांतील भाषांतर होय. त्याची मुदत फार तर एक वर्ष, आणि मूळ परवाना जवळ नसेल तर त्याला अर्थ नाही.

हे सारे करार मुख्यतः प्रवाशासाठी झाले, वस्तीला येणाऱ्यासाठी नव्हेत, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पाहुण्याला यजमान चार दिवस सांभाळून घेतो; तोच घरात कायमचा राहू लागला, की घराचे नियम त्यालाही लागू होतात. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये नव्या रहिवाशाला बारा महिने, तर जर्मनीत सहा महिने लहान गाडी चालविता येते. पुढे तेथील लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते. जर्मनीत वाहतूक उजव्या बाजूने चालते, तेव्हा तेथली परीक्षा समजण्याजोगी आहे. पण ब्रिटनमध्ये तर आपल्यासारखीच डावी बाजू! म्हणजे प्रश्न बाजूचा नाही, विश्वासाचा आहे.

वीस वर्षे निर्धोक मोटार चालविलेल्या गृहस्थाला पुन्हा शिकाऊ म्हणून गाडीत बसावे लागते, हे मनाला लागते खरे. बंगळूरहून परदेशी गेलेल्या कित्येक मराठी कुटुंबांना हा अनुभव परिचयाचा असेल. परंतु परवाना हा चालकाचा मानमरातब नव्हे. रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी मुलाला राज्याने दिलेली ती हमी आहे, आणि ज्या परीक्षेवर आपली देखरेख नाही तिच्या भरवशावर अशी हमी देण्यास कोणतेही राज्य कचरणारच.

जेथे विश्वास असतो तेथे हा अडसर उरत नाही. १९४९ साली पेठ आणि छावणी मिळून बंगळूरची एक महानगरपालिका झाली. आज कोल्हापुरात मिळालेला परवाना बंगळुरात बिनदिक्कत चालतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो साऱ्या भारतात ग्राह्य आहे. वाहनाचा मुक्काम मात्र बारा महिन्यांपलीकडे गेला, तर नव्या राज्याचा नोंदणी-क्रमांक घ्यावा लागतो. पाहुणा आणि रहिवासी हा भेद तेथे घरातही शिल्लक आहे.

परदेशांनी आपला परवाना विनापरीक्षा मानावा, ही अपेक्षा गैर नाही. तथापि ती पुरी होण्याचा मार्ग आपल्याच चाचणीच्या मैदानावरून जातो. परीक्षकाने तेथे दाखविलेली प्रत्येक सवलत आपल्या राज्याच्या शब्दाचे मोल कमी करते. आणि तेथे निष्ठुरपणे नापास केलेला प्रत्येक कच्चा चालक ते वाढवितो.