आभासी नेटवर्क स्विच : होस्ट व व्हीएम यांची जोडणी

आभासी नेटवर्क स्विच : एका संगणकावर चालणारी आभासी यंत्रे, तो संगणक स्वतः आणि बाहेरचे जाळे यांच्यात इथरनेट फ्रेमची ने-आण करणारी सॉफ्टवेअर यंत्रणा. आभासी यंत्रे ज्यावर चालतात तो संगणक म्हणजे होस्ट. आभासी यंत्राला व्यवहारात ‘व्हीएम’ म्हणतात; या नोंदीतही तीच संज्ञा वापरली आहे. प्रत्येक व्हीएमला स्वतःचे आभासी नेटवर्क कार्ड आणि वेगळा मॅक पत्ता असतो. व्हीएम चालवणाऱ्या प्रणालींपैकी व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो बहुधा ०८:००:२७ ने, केव्हीएममध्ये ५२:५४:०० ने सुरू होतो. स्विच फ्रेमवरचा पत्ता वाचून ती योग्य पोर्टला देतो. एकाच स्विचवरच्या दोन व्हीएममधली देवघेव होस्टच्या मेमरीतच उरकते, केबलपर्यंत जात नाही. त्यामुळे तिचा वेग नेटवर्क कार्डावर नव्हे, तर प्रोसेसर व मेमरीवर अवलंबून असतो.

प्रकार

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीत तीन प्रकार आहेत. बाह्य स्विच खऱ्या नेटवर्क कार्डाला बांधलेला असतो आणि व्हीएमला लॅनवरचा स्वतंत्र संगणक बनवतो. अंतर्गत स्विच होस्ट व व्हीएम यांना जोडतो, बाहेर जाऊ देत नाही. खासगी स्विचवर फक्त व्हीएम असतात. होस्टलाही प्रवेश नसतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये याच कामांसाठी अनुक्रमे ब्रिज्ड, होस्ट-ओन्ली आणि इंटर्नल नेटवर्क असे पर्याय आहेत. एका प्रणालीतले ‘अंतर्गत’ दुसरीत ‘होस्ट-ओन्ली’ असते, हे ध्यानात न घेतल्याने होस्टवरून व्हीएम का दिसत नाही याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

होस्टची जोडणी

हायपर-व्हीत बाह्य स्विच तयार होताच होस्टवर ‘व्हीइथरनेट’ नावाचे नवे आभासी कार्ड उभे राहते आणि होस्टचा आयपी पत्ता त्यावर जातो. खऱ्या कार्डावर स्विचचा प्रोटोकॉल तेवढा उरतो. पत्ता नाहीसा झाला असे समजून खऱ्या कार्डावर तो पुन्हा भरू नये. स्थिर पत्ता द्यायचा तो नव्या कार्डाला. स्विच करताना व्यवस्थापन प्रणालीला, म्हणजे होस्टला, खरे कार्ड वापरू देण्याची एक चौकट असते. तिची खूण काढली तर व्हीएमचे नेट चालते, होस्टचे बंद पडते. कार्ड एकच आणि होस्ट दूरच्या खोलीत असेल, तर त्याच्याशी संपर्कच तुटतो. म्हणून पहिली मांडणी होस्टसमोर बसून करावी, हा प्रयोगशाळेतला नियम पाळण्याजोगा आहे.

अंतर्गत स्विचवर पत्ते आपोआप मिळत नाहीत. दोन्ही बाजूंना एकाच पट्ट्यातले पत्ते हाताने भरावे लागतात. होस्टच्या अंतर्गत कार्डावर गेटवे भरू नये, नाहीतर होस्टचा बाहेरचा मार्ग बिघडतो. व्हीएमला इंटरनेट हवे असेल तर होस्टवर नॅट (पत्ता-रूपांतर) उभारून व्हीएमच्या गेटवेत होस्टचा अंतर्गत पत्ता द्यावा. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून (२०१७) नॅट व पत्तेवाटप या दोन्हींसह ‘डीफॉल्ट स्विच’ तयार मिळतो. पण त्याचा पट्टा होस्ट पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतो, तेव्हा ज्या कामाला ठरावीक पत्ता लागतो तिथे तो टाळावा.

सगळे बरोबर असूनही पिंग होत नसेल तर आधी फायरवॉल पाहावी. गेटवे नसलेल्या जाळ्याला विंडोज अनोळखी व सार्वजनिक मानते आणि आत येणारे पिंग अडवते. स्विच मोडून पुन्हा करण्यात जाणारा वेळ बहुतेकदा इथेच वाचतो.

यवतमाळ जिल्हा

जिल्ह्यातील अभियांत्रिकी संस्थांपैकी पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चे, तर यवतमाळची जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ची. दोन्ही संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत.

महाविद्यालयातल्या तारेच्या लॅनवर बाह्य स्विच विनासायास चालतो. तीच मांडणी विद्यार्थी उमरखेड, वणी किंवा दारव्ह्याच्या घरी मोबाइल हॉटस्पॉटवर करू जातो तेव्हा अडचण येते, आणि तिचे कारण वाय-फायच्या रचनेत आहे. वाय-फायच्या प्रवेशबिंदूकडे लॅपटॉपच्या एकाच मॅक पत्त्याची नोंद असते. त्याच लॅपटॉपमागून दुसऱ्या पत्त्याची फ्रेम तो सहसा स्वीकारत नाही. हायपर-व्ही व व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमचा पत्ता झाकून होस्टचा लावतात. ही सोय काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. लिनक्सचा ब्रिज तर साध्या ग्राहक स्थितीतले वाय-फाय कार्ड घेतच नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत हायपर-व्ही मिळत नाही, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर मोफत मिळणारा व्हर्च्युअलबॉक्स हाच सोयीचा मार्ग.

अशा ठिकाणी ब्रिज्डचा हट्ट सोडून व्हीएमला दोन कार्डे द्यावीत : एक नॅटचे इंटरनेटसाठी, दुसरे होस्ट-ओन्ली होस्टसाठी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट-ओन्ली जाळ्याचा होस्टचा पत्ता मुळात १९२.१६८.५६.१ असतो. हॉटस्पॉट बंद झाला, रेंज गेली, वीज जाऊन राउटर विझला, तरी हे दुसरे जाळे बॅटरीवरच्या लॅपटॉपमध्ये शाबूत राहते. व्हीएमवरचा वेबसर्व्हर होस्टच्या ब्राउझरमध्ये उघडतो, डेटाबेसचा सराव थांबत नाही. पाठ्यक्रमात बाह्य स्विच प्रमाण मानून शिकवला जातो तिथे ही दोन कार्डांची मांडणी आधी शिकवणे अधिक उपयोगी ठरेल. नेटची खात्री नसलेल्या घरात अभ्यास चालू ठेवणारी मांडणी हीच आहे.

शासकीय वापर : यवतमाळ जिल्ह्याचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एसथ्रीवास या संकेतस्थळ-सेवेच्या प्रणालीवर आहे. ही प्रणाली ‘मेघराज’ उपक्रमातील, व्हीएमवर उभ्या असलेल्या राष्ट्रीय क्लाउडवर (२०१४) चालते.

व्हीलॅन

आभासी स्विच ८०२.१क्यू मानकाच्या खुणा ओळखतो. १२ बिटांच्या क्रमांकातून ४,०९४ व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे आभासी विभाग, वापरता येतात. खऱ्या स्विचचे पोर्टही ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारे) केलेले असावे लागते.

सुरक्षितता

दुसऱ्यांच्या फ्रेम ऐकू देणारी प्रॉमिस्क्युअस सवलत प्रयोगापुरतीच चालू करावी.

इतिहास

पहिला इथरनेट स्विच विनोद भारद्वाज व लॅरी ब्लेअर यांच्या कल्पना या अमेरिकी कंपनीने १९९०च्या सुमारास बाजारात आणला; १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी घेतली. हायपर-व्ही विंडोज सर्व्हर २००८ बरोबर आले आणि विंडोज ८ पासून वैयक्तिक संगणकांवर मिळू लागले. मुक्तस्रोत ‘ओपन व्हीस्विच’ २००९चा. तो घडवणारी निसिरा ही कंपनी व्हीएमवेअरने २०१२ मध्ये १२६ कोटी डॉलरना विकत घेतली.